रामजी घरीच होता

सुगंधा आचरेकर कोंडवळच्या शाळेवर रुजू व्हायला आली तेव्हा गावाला वाटलं, बरं झालं, मालवणच्या पेठेतली पोर आहे, आपल्यातलीच. कसलं काय नि फाटक्यात पाय! कट्टा या शेजारच्या गावी एस्टीतून उतरल्या उतरल्या बाई सामान वाहणाऱ्या महादू गावड्याला म्हणाल्या, "कृपया ही पेटी सावकाश उचला हं." महादूने पेटी खाली ठेवली आणि घाबरून विचारलं, "माजा काय चुकला?" त्याच्याशी अशा भाषेत आजवर फक्त फौजदार बोलला होता.

त्या दिवसापासून गावाने त्यांचं नाव ठेवलं 'छापील बाई'. बाई कोळणीशी छापील बोलत, न्हाव्याशी छापील बोलत, अंगणात शिरलेल्या शेजारणीच्या रेड्यालासुद्धा "चल, निघ इथून" म्हणत. रेडा ढिम्म हलत नसे. शेजारीण येऊन "हाsट मेल्या" म्हणाली की मग तो हले.

लोक हसत, पण बाईंना हसू येत नसे, आणि त्याला कारण होतं. सतराव्या वर्षी त्या ट्रेनिंगला पुण्याला गेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात वर्गात उठून त्या म्हणाल्या, "बाई, माका कळूक नाय." झालं! सगळा वर्ग खो खो हसला. पुढची दोन वर्षं वसतिगृहातल्या पोरी त्यांना 'माका' याच नावाने हाक मारायच्या. माका, पाणी दे. माका, तुझं पत्र आलंय. सतरा वर्षांच्या पोरीच्या काळजाला ते किती झोंबलं असेल, ते ज्याला कोणी असं हसलंय त्यालाच कळेल. पुण्याहून परत येताना बाईंनी ठरवून टाकलं, आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराला कोणी असं हसता कामा नये.

म्हणून शाळेत नियम केला. शाळेच्या पायरीच्या आत मालवणी बोलायचं नाही. तोंडातून 'खंय' नि 'आसा' निघालं की शाळा सुटेपर्यंत भिंतीशी उभं राहायचं. पोरं सुरुवातीला रांगेने उभी असत. मग हळूहळू शहाणी झाली. मालवणी बोलेनाशी झाली आणि खरं सांगायचं तर बरंचसं बोलायचीच थांबली. पण वाचन म्हणाल तर काय वाचन! चौथीतली जानकी धडा वाचायला उभी राहिली की कुठे अडखळणं नाही, कुठे 'श' चा 'स' नाही. धडा संपला की बाई विचारत, "समजलं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "होsss!" आणि बाई समाधानाने पान उलटत.

शाळा होती चौथीपर्यंतच. पाचवीला कट्ट्याला जावं लागे. वाट रानातली, मध्ये व्हाळ म्हणजे ओढा, पावसात त्याला उतार नसे. मुलगे जात, भिजत, सर्दी-खोकले काढत, पण जात. मुलींचं मात्र चौथीला पाटी-पुस्तक आटोपे. जानकीचंही तेच होणार होतं. तिची आई शेवंती काजूच्या बागेत मजुरीला जाई. बापूस मुंबईला गिरणीत होता आणि गणपतीला तेवढा येई. जानकीच्या हातात कोयती कधी येते याची घरात वाट बघणं चाललं होतं. बाईंचा त्या पोरीवर भारी जीव. दर सणाला त्या मुलींच्या घरोघर जात, तशा शेवंतीच्याही खळ्यात जाऊन बसत आणि सांगत, "स्त्रीशिक्षणाचं महत्त्व आपण ओळखलं पाहिजे, शेवंतीबाई. मुलगी शिकली तर कुटुंबाची प्रगती होते." शेवंती पदर सावरून "होय, होय" म्हणे आणि निघताना बाईंच्या पिशवीत एक नारळ घाले. पालथ्या घड्यावर पाणी! बाईंच्या घरी नारळ साठले, पण एकही मुलगी पाचवीला गेली नाही.

तेव्हा बाईंनी एकच ध्यास घेतला. पाचवीचा वर्ग कोंडवळातच आणायचा. वाट नको, व्हाळ नको, आयांना बोलायला जागा नको. अर्जावर अर्ज गेले. शेवटी एकोणसाठ साली वरच्या ऑफिसातून उत्तर आलं की यंदा पाचवीचे वर्ग देताना चौथीची वाचन-आकलनाची कसोटी घेतली जाईल, आणि ज्या शाळेचे गुण चांगले, तिला वर्ग मिळेल.

बाईंना आनंद मावेना. वाचन? आमच्या पोरांचं? अहो, घ्या की!

ही कसोटी म्हणजे साधीसुधी परीक्षा नव्हे. देशावरच्या कुठल्याशा ट्रेनिंग कॉलेजातल्या विद्वानांनी ती तयार केली होती, तिकडच्या ढीगभर पोरांवर घासूनपुसून पारखली होती. तिला 'प्रमाणित' म्हणत. सगळीकडे तोच उतारा, तेच प्रश्न, तेवढीच मिनिटं. उत्तरं कुठली बरोबर तेही आधीच छापलेलं. परीक्षकाने एकाही शब्दाचा अर्थ सांगायचा नाही आणि वर्गाच्या शिक्षकाने तर शाळेच्या आवारातही थांबायचं नाही. कोंडवळात कसोटी घ्यायला आले दत्ताराम मास्तर. ते राहायचे कोंडवळातच वरच्या वाडीला आणि शिकवायचे कट्ट्याच्या शाळेत. रोज छत्री काखोटीला मारून जाऊन-येऊन करायचे. सरळमार्गी म्हातारा. त्यांनी पाकीट फोडलं, कागद वाटले, घड्याळ समोर ठेवलं नि गप्प बसले.

आणि बाई? बाईंना राहवेना. त्या आवाराच्या बाहेर गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या आणि शेवटी खिडकीखालच्या पायरीवर येऊन बसल्या. नुसत्या बसल्या हो, देवाशपथ! पण जाणाऱ्या-येणाऱ्याने बघायचं ते बघितलं.

पंधरवड्याने दत्ताराम मास्तर संध्याकाळचे बाईंच्या दारात आले. चेहरा पडलेला. छत्रीसुद्धा मिटायचं भान नव्हतं.

"बाईनू, घोटाळो झालो. सगळ्या पोरांनी एकच उत्तर लिवल्यानी. आनी ताय चुकीचा. वरचे म्हणतत, कोणीतरी सांगल्याशिवाय असा होवचा नाय. तुमी पायरेर बसललात ता पण कोणीतरी तेंच्या कानार घातला."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. "मास्तर, मी एक अक्षर बोलले नाही!"

"माका म्हायत आसा गो बाय. पण साह्येब येतलो चौकशीक."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या त्या कडाडतच. "कोणी सांगितली उत्तरं? एकमेकांचं पाहून लिहिलंत? बोला!" पोरं माना खाली घालून बसली. "जानकी, तू बोल." जानकीने ओठ हलवले, मिटले. बाईंना वाटलं, म्हणजे खरंच काहीतरी आहे. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आपण पोटच्या पोरांसारखी वाढवलेली मुलं चोर निघावीत?

साहेब आले. मोहिते त्यांचं नाव, साताऱ्याकडचे. कट्ट्यापासून चालत आले, घामाघूम झाले, शहाळं प्यायले आणि कागदांचा गठ्ठा सोडून बसले. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवला नाही, खुर्चीवर मागे रेलून म्हणाले, "बाई, आधी तुम्हीच उतारा वाचा."

बाईंनी उतारा तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

'सुगीचे दिवस होते. रामजीची बायको माहेरी गेली होती. रामजीने जोंधळ्याची मळणी घातली होती. रात्री जेवण करून तो खळ्यावर निजला. पहाटे उठून घरात गेला, तो काय! दार फोडलेले, पेटी उघडी, भांडीकुंडी नाहीशी. रामजीला रात्रभर काहीच कळले नव्हते.'

"सोपा आहे," बाई म्हणाल्या.

"सोपाच आहे. आता तुमच्या मुलांची उत्तरं ऐका." साहेबांनी वरचा, जानकीचा, कागद उचलला. "प्रश्न, रामजी रात्री घरी का नव्हता? उत्तर, रामजी घरीच होता. प्रश्न, चोरी रामजीच्या लक्षात का आली नाही? उत्तर, तो चोरांना सामील होता. प्रश्न, रामजी कसा माणूस होता? आम्हाला अपेक्षित आहे कष्टाळू. ही म्हणते, लबाड. प्रश्न, गोष्टीला नाव द्या. हिने दिलंय, घरचा चोर." त्यांनी दुसरा कागद उचलला. "हाही तेच म्हणतो. हाही. एकदोघांनी फरक केलाय, म्हणे रामजी दारू पिऊन पडला होता. बाई, एका मुलाच्या डोक्यात असं काही येऊ शकतं. सगळ्या वर्गाच्या डोक्यात एकाच दुपारी येत नाही. कोणाच्या तरी तोंडून आल्याशिवाय नाही."

बाईंनी उतारा पुन्हा वाचला. पुन्हा वाचला. त्यांनाही काही उमगेना.

साहेब मुलांकडे वळले. "बाळांनो, घाबरू नका. ही उत्तरं तुम्हाला कशी सुचली?"

चिडीचूप.

"कोणी सांगितलं का?"

पोरं भिंतीकडे बघतात, पायांकडे बघतात. साहेबांनी सुस्कारा सोडून टाक उचलला. आता ते 'कॉपी' असं लिहिणार, एका शब्दात पाचवी जाणार, जानकी जाणार, तिच्या मागच्या सगळ्या पोरी जाणार, हे बाईंना लख्ख दिसलं. आणि त्यांच्या तोंडातून, कोणाला कळायच्या आत, त्यांना स्वतःला कळायच्या आत, निघून गेलं,

"गो जानक्या, सांग गो माज्या बाय! कित्याक लिवलंस असा? तुका काय वाटला?"

सगळा वर्ग दचकला. छापील बाई मालवणी बोलली! मागच्या बाकावरचा बाबली तर घाबरून आपोआप भिंतीशी जाऊन उभा राहिला. आणि जानकीच्या तोंडाचं कुलूप खळ्ळकन उघडलं.

"बाईनू, तो खळ्यात निजललो ना? चोर मगे खंयसून गेले? खळ्यातसूनच ना? तेच्या आंगावयनच गेले असतले. दार फोडल्यानी, पेटी फोडल्यानी, भांडी भायर काढल्यानी. इतक्या आवाजान शेजारचो कुत्रो उठात. तेका जाग येवक नाय? मगे तो तेंका मिळाललो नाय तर काय?"

"नाय गो," भिंतीशी उभ्या राहिलेल्या बाबलीला राहवेना. "तेनी सोरो घेतललो. माजो मामा घेता तेवा तेका पण जाग येणा नाय."

"मगे बायलेक माहेराक कित्याक धाडल्यान तेनी? आधीच ठरललां तेंचा!"

वर्गात एकच कल्ला उठला. बरेचसे रामजीला लबाड ठरवत होते, बाबलीच्या बाजूचे दारुडा. भांड्यांची वाटणी कशी झाली असेल इथपर्यंत गाडी गेली. जी पोरं वर्षानुवर्षं 'होsss' पलीकडे बोलली नव्हती, ती वकिलांसारखी भांडत होती.

साहेब गोंधळून गेले. "बाई, काय म्हणतायत ही?"

बाई खुर्चीचा दांडा धरून उभ्या होत्या. हसू की रडू त्यांना कळत नव्हतं. "साहेब, खळं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे खळं असतं शेतात, गावाबाहेर. आमच्याकडे खळं म्हणजे घरापुढचं अंगण. भात तिथेच झोडतात. रामजी यांच्या मते दारातच निजला होता."

साहेबांनी कागद खाली ठेवला. उतारा पुन्हा वाचला. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि ते मोठ्याने हसले. "अरे बापरे! मग तर रामजी पक्का लबाड ठरतो की!" हसू ओसरल्यावर त्यांनी जानकीला जवळ बोलावलं. "पोरी, पण प्रश्नातच लिहिलं होतं, रामजी घरी का नव्हता. तेव्हा नाही वाटलं, आपल्याला शब्द समजला नसेल?"

"शब्द समजला होता, साहेब," जानकी एकदम छापील झाली. "प्रश्न चुकला असं वाटलं होतं."

"मग विचारायचं होतंस ना मास्तरांना. किंवा नंतर बाईंना. बाईंनीही विचारलं असेलच तुम्हाला."

जानकीने बाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "चोरांचं ते सगळं शुद्ध भाषेत कसं सांगायचं ते ठाऊक नव्हतं. मालवणीत विचारलं तर उभं राहावं लागतं."

बाईंना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. कोणी हसू नये म्हणून त्यांनी पोरांची जीभ धुतली होती, घासली होती, आणि धुताधुता ती पार झिजवूनच टाकली होती. पुण्यात निदान त्यांना उठून 'माका कळूक नाय' म्हणता तरी आलं होतं. त्यांच्या वर्गात तेवढंही कोणाला म्हणता येत नव्हतं. बाबली अजून भिंतीशीच उभा होता. "बस रे झिला," बाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

आता कोणाला वाटेल, साहेबांनी गुण वाढवले, पाचवी दिली, पेढे वाटले. तसं काही झालं नाही. साहेबांनी 'कॉपी नाही' असं स्वच्छ लिहून दिलं. पण गुणांचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. "कसोटी प्रमाणित आहे, बाई. छापलेलं उत्तर तेच बरोबर. तुमच्या गावासाठी मी एक उत्तर बदललं, तर प्रत्येक गाव आपलं खळं घेऊन येईल. मी वर कळवीन. पुढच्या वर्षी बघू." जाताना त्यांनी जानकीच्या पाठीवर हात ठेवला. "वकील हो," म्हणाले, आणि कट्ट्याच्या वाटेला लागले.

पुढच्या वर्षी! जानकीला पुढचं वर्ष कुठे होतं? मे महिना लागला होता, काजू संपत आले होते. जूनपासून ती आईबरोबर लावणीला जाणार हे ठरलेलं होतं.

बाई दोन दिवस घरात बसून होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उठल्या, केस विंचरले आणि शेवंतीकडे गेल्या. शेवंती खळ्यात बसून काजूबिया निवडत होती. बाईंना बघून तिने पदर सावरला, पाट पुढे केला आणि नारळ आणायला म्हणून उठू लागली.

"बस गो शेवंत्या," बाई म्हणाल्या. "नारळ नको माका."

शेवंती उठता उठता तशीच राहिली.

बाई पाटावर न बसता तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि बोलू लागल्या. सुरुवातीला अडखळल्या. सतरा वर्षांची असताना टाकून दिलेली भाषा, ती काय लगेच हाताला लागते? पण लागली. "तुज्या चेडवाचा डोक्या माज्यापेक्षा चांगला आसा. साह्येब तिच्यापुढे गप झालो, माज्या डोळ्यांनी बगलंय मी. आता तिका घरात बसवलंस तर माका झोप लागाची नाय. दत्ताराम मास्तर रोज कट्ट्याक जातत. मी तेंका इचारलंय. तेंच्या वांगडा जायत चेडू, तेंच्या वांगडा येयत. व्हाळ भरलो तर तेंच्या बहिणीकडे रवात कट्ट्याक. एकटी पाठव म्हणणंय नाय मी. पाठवशीत?"

शेवंती हातातल्या बिया सुपात टाकून म्हणाली,

"ह्या तुमी पयलाच कित्याक नाय सांगलास?"

"अगो, दर सणाक सांगत होतंय!"

"ता सांगणा खंय होता, बाईनू? माका वाटला, तुमी भाषण करतात. भाषणाक कोण उत्तर देता? होय म्हणाचा नि नारळ देवचो."

इतक्या वर्षांच्या इतक्या संध्याकाळी, इतके नारळ. त्यांना एकेका घरचं खळं आठवलं, एकेक 'होय, होय' आठवलं, एकेका मुलीचं नाव आठवलं. लग्न होऊन गेलेल्या, बागेत राबणाऱ्या, कडेवर पोर घेतलेल्या. त्यांतल्या किती जणी निव्वळ एवढ्यावरून राहिल्या असतील? त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या हमसून हमसून रडल्या. शेवंतीला काही कळेना. तिने आपलं बाईंच्या पाठीवर हात फिरवत म्हटलं, "रडा नको गो. पाठवतंय मी. पाठवतंय म्हटलंय ना?"

त्या आठवड्यात बाई उरलेल्या घरीही गेल्या. एका घरी नाही म्हणाले, एका घरी सासू भांडली. पण जूनच्या आठ तारखेला दत्ताराम मास्तर कट्ट्याला निघाले तेव्हा त्यांच्या छत्रीमागून पाच मुली चालल्या होत्या. सगळ्यांत पुढे जानकी होती आणि ती मास्तरांशी कशावरून तरी मोठमोठ्याने वाद घालत होती.